कोकोपीटमधलं झाड उन्हाळ्यात मान टाकतं: पाणी कमी पडलं, जास्त झालं, की कुंडी तापली?

मार्च संपत आला की मला हेच फोन येतात. "अगं, काल संध्याकाळी तर पाणी घातलं होतं, आणि आज पीस लिली पार आडवी झालीय." कधी मावशीचा, कधी भाचीचा, कधी वरच्या मजल्यावरच्या काकूंचा. आम्ही नागपूरचे. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की दोरीवर टाकलेलं फडकं बघता बघता कडक होतं. घरातली बरीच झाडं आता कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशात असतात, कारण ते हलकं असतं, फरशी खराब होत नाही आणि कुठल्याही नर्सरीत विटेच्या आकारात मिळतं. दर उन्हाळ्यात मी हाच एक बिघाड दुरुस्त करत आलेय आणि जवळजवळ प्रत्येक वेळी सुरुवात एकाच गोष्टीने झालेली असते: झाड सुकलेलं दिसलं म्हणून पाणी घातलं.

कोकोपीटमध्ये सुकलेलं पान दोन अगदी उलट कारणांनी सुकतं. मुळं कोरडी पडली तरी पान मान टाकतं, आणि मुळं गरम, साचलेल्या ओलीत गुदमरली तरी पान तशीच मान टाकतं. गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. पायाशी पाणी असून झाड तहानेने मरतं. वरून बघून या दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून खालच्या तपासण्या दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. सुरुवातीच्या फुकट आहेत, आणि बहुतेक कुंड्यांचा प्रश्न तिथेच सुटतो.

आधी लक्षणं नीट बघा

- दुपारी पानं लोंबतात, रात्रीपर्यंत पुन्हा ताठ होतात.
- सकाळी सहा वाजताही पानं लोंबलेलीच असतात.
- पाणी घातलं की क्षणात बशीत उतरतं.
- वरचा थर फिकट, भुरभुरीत कोरडा. पण कुंडी उचलली तर जड.
- खालची पानं पिवळी आणि मऊ, कुंडीजवळ कुबट वास, चिलटं उडताहेत.
- पानांची टोकं आणि कडा करपलेल्या, कोकोपीटवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरा थर.
- नवीन पान लहान, वेडंवाकडं, कडेला तपकिरी.
- फक्त खिडकीकडच्या बाजूची पानं भाजल्यासारखी.

एका कुंडीत दोन-तीन लक्षणं एकत्र दिसणं नेहमीचंच आहे. कोणतं लक्षण कधी दिसलं, तेवढं लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

१. पाण्याचा मग खाली ठेवा आणि कुंडी उचला

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरी तपासणी हीच. कोकोपीट आपल्या वजनाच्या सात-आठ पट पाणी धरून ठेवतं, म्हणजे कुंडीच्या वजनात मुख्य वाटा पाण्याचाच असतो. ओली कुंडी आणि कोरडी कुंडी यांतला फरक हाताला लगेच कळतो. मातीच्या मिश्रणात तो इतका स्पष्ट कळत नाही, कारण माती मुळातच जड. कोकोपीटची ही मोठी सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात.

हाताचा अंदाज बसेपर्यंत स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. माझी सहा इंची प्लॅस्टिकची एक मनीप्लांटची कुंडी आहे. भरपूर पाणी घालून, निथळवून ठेवली की साधारण १३०० ग्रॅम भरते. ८५० च्या आसपास आली की तिला पाणी लागतं. हे दोन आकडे मी कुंडीवर पट्टी चिकटवून लिहून ठेवलेत. तुमच्या कुंडीचे आकडे वेगळे येतील. एकदा भिजवून वजन करा, पानं किंचित मलूल होतील तेव्हा पुन्हा करा, झालं.

डोळ्यांवर विश्वास का ठेवायचा नाही, ते मावशीच्या घरी मला अगदी हातात कळलं. तिची पीस लिली बैठकीत, टीव्हीशेजारी. दुपारी दोनची वेळ, पानं कुंडीच्या कडेवरून खाली लोंबलेली, कोकोपीटचा वरचा थर विटकरी भुकटीसारखा. मावशी सकाळी एक मग आणि संध्याकाळी एक मग घालत होती. कुंडी उचलायला गेले तर एका हाताने उचलेना. बोट खुपसलं: पहिलं पेर कोरडं, दुसऱ्या पेरापाशी चिकट गार ओल, आणि बोट बाहेर काढल्यावर त्याला गटारासारखा वास. पंख्याच्या वाऱ्याने वरचा थर दोन तासांत वाळत होता आणि खाली महिनाभराचं पाणी साचलेलं होतं. तो वरचा थर बघूनच ती रोज पाणी घालत होती.

जड कुंडी आणि लोंबलेलं पान असं असेल तर पाणी बंद. हलकी कुंडी आणि लोंबलेलं पान असेल तर पाणी द्या, पण ते कसं, ते तिसऱ्या तपासणीत बघा.

२. रात्रभर थांबा, सकाळी बघा

दुपारी एक ते चार या वेळात पान जितकं पाणी हवेत सोडतं तितकं मूळ पुरवू शकत नाही. मग झाड पानांवरची रंध्रं मिटतं, पानं सैल सोडतं. हा आजार नाही, उन्हापासून बचाव आहे. कुंडी पुरेशी जड असेल आणि सूर्य कलल्यावर पानं उभी राहत असतील तर पाण्याची गरज नाही. फक्त जागा बदलायची की नाही एवढंच ठरवायचं. ते सहाव्या तपासणीत.

पण पहाटेही पानं लोंबलेली असतील तर मुळांत बिघाड आहे. रात्रभर गारवा मिळूनही झाडाला पाणी भरून काढता आलं नाही याचा अर्थ एकतर पाणी नाही, किंवा पाणी ओढणारी मुळं उरलेली नाहीत. म्हणून निदान करायचं ते सकाळी सहा-सातला. दुपारी केलेलं निदान नेहमी फसवतं, आणि दुपारी घाबरून घातलेलं पाणी तर त्याहून वाईट.

३. काडी खुपसा, कुंडीची कड बघा

एक कोरडी लाकडी काडी घ्या. कबाबची चालेल, झाडूची हीर चालेल. कुंडीच्या कडेने तळापर्यंत सरकवा, दहा मिनिटं ठेवा, बाहेर काढून बघा. किती भाग गडद झाला? टोकाला कोकोपीट चिकटून आलं का? वास घ्या. निरोगी कोकोपीटला पावसात भिजलेल्या काथ्याचा वास असतो. आंबूस किंवा अंड्यासारखा वास आला तर तळाशी हवा नाही.

आता कड बघा. कोकोपीट पार वाळलं की आकसतं आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटतं. बोटभर नाही, पण नखाएवढी फट दिसते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, बशी भरते, तुम्हाला वाटतं झाडाला पोटभर मिळालं. मधला गोळा कोरडाच राहतो. सुट्टीत आठवडाभर गावाला जाऊन आलेल्या घरांत हा प्रकार हमखास दिसतो.

यावर वरून ओतणं हा उपाय नाही. बादलीत किंवा टबात कुंडीच्या अर्ध्या उंचीपर्यंत पाणी घ्या, कुंडी त्यात ठेवा. अर्धा-पाऊण तास. खालून पाणी चढत वरचा थर गडद झाला की बाहेर काढा, तिरकी करून निथळवा, मग बोटांनी कडेचं कोकोपीट हलकं दाबून फट बुजवा. दाबायचं म्हणजे ठोकून बसवायचं नाही. हवेच्या जागा संपल्या की पुढच्या वेळी मुळं गुदमरतील.

पाणी घालायची माझी पद्धत: घालायचं तर पूर्ण घालायचं, सगळ्या बाजूंनी, हळूहळू, खालून थोडं बाहेर येईपर्यंत. त्यानंतर वजन उतरेपर्यंत एक थेंबही नाही. रोज थोडं थोडं पाणी हा कोकोपीटचा शत्रू आहे. त्याने फक्त वरचा थर ओला राहतो, तिथे चिलटं अंडी घालतात, आणि खाली क्षार साठत जातात, कारण त्यांना धुऊन बाहेर काढेल इतकं पाणी कधी खालून निघतच नाही.

इथे एक गैरसमज दूर करते. कोकोपीटला दिवसातून चार-सहा वेळा पाणी द्यावं असंही बरेच जण सांगतात. ते खरं आहे, पण पॉलिहाऊससाठी. तळेगाव दाभाडेकडे कोकोपीटवर गुलाब घेतात, तिथे भरपूर प्रकाश असतो, झाड झपाट्याने वाढत असतं, ठिबकमधून खत मोजून जातं आणि जादा पाणी लगेच निघून जातं. आपल्या बैठकीतला स्नेक प्लांट किंवा झेडझेड त्या प्रकाशाच्या छोट्या अंशावर जगतो. तिथलं वेळापत्रक इथे लावलं तर झाड महिन्यात कुजतं.

४. बशी आणि भोकं

पटकन होणारी तपासणी. बशीत पाणी उभं आहे का? सुंदर बाहेरच्या कुंडीत आतली प्लॅस्टिकची कुंडी ठेवली असेल तर आतली बाहेर काढून बघा. मला तिथे तीन-तीन बोटं पाणी सापडलेलं आहे आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. भोकं मुळांनी किंवा कोकोपीटच्या गाळाने बुजली असतील तर काडीने मोकळी करा.

तळाशी खडे घातले आहेत म्हणून निचरा होतो असं समजू नका. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. पाणी गळायचं थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा धार लागते. आडव्या, कमी उंचीच्या स्पंजमध्ये पाणी अडून राहतं. कोकोपीट असंच वागतं: कुंडीच्या तळाशी काही सेंटिमीटर थर नेहमी पूर्ण ओला राहतो. खाली खडे भरले की तो ओला थर खड्यांच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ. खडे काढा आणि तेवढी जास्त उंची कोकोपीटला मिळू द्या. उथळ, पसरट कुंडीत तर शोभेच्या झाडांना कोकोपीट एकटं वापरूच नका.

५. पाणी किती वाजता आणि किती गरम?

गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी हाताला चटका देतं. आमच्या नळाखाली मी एकदा तापमापक धरला, दुपारी अडीचला ४३ अंश भरले. तेच पाणी लोक कामावरून आल्या आल्या झाडांना घालतात.

गरम पाण्याचा तोटा दुहेरी आहे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना ७ च्या आसपास. आणि त्याच वेळी गरम झालेल्या मुळांना श्वासासाठी प्राणवायू जास्त लागतो. मागणी वाढली, पुरवठा घटला. मुळं कुजवणाऱ्या बुरशीला मात्र अशी ओल आवडते. म्हणून कोकोपीटमध्ये डिसेंबरात चालून गेलेलं जास्त पाणी मे महिन्यात चालत नाही.

उपाय साधा आहे. रात्री बादली भरून घरात ठेवा आणि सकाळी सहा-सातला पाणी घाला. बर्फाचे खडे कुंडीत ठेवू नका. ही सगळी उष्ण प्रदेशातली झाडं आहेत, एका जागी गोठवणारा गारठा त्यांच्या मुळांना झेपत नाही.

पाणी कुठलं, हेही इथेच तपासा. नागपुरात उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतलं जुनं पाणी झाडांना घालायची पद्धत आहे. वाया जाऊ नये ही भावना मला समजते, मीही तेच करायचे. पण कूलर फक्त पाणी उडवतो, क्षार टाकीतच राहतात. कूलरच्या टाकीच्या आत जो पांढरा खरपुडा बसतो, तोच विरघळून कुंडीत जातो. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणीही तसंच जास्त क्षारांचं. ते फरशी पुसायला, गाडी धुवायला वापरा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी याउलट जवळजवळ बिनक्षाराचं असतं. ते चालतं, पण त्यात कॅल्शियम नसतं, म्हणून रोज फक्त तेच नको.

६. कुंडी तापते का?

हवा किती तापली हे सगळे बघतात, कुंडी किती तापली हे कोणी बघत नाही. पश्चिमेच्या काचेजवळ ठेवलेली काळी प्लॅस्टिकची कुंडी दुपारी चार वाजता हाताने धरून बघा. मांस किंवा केक तपासायचा टोकदार तापमापक मिळतो, काहीशे रुपयांत. तो कोकोपीटमध्ये खुपसा. माझ्याच घरात खोली ३४ अंश असताना अशा एका कुंडीत ४१ अंश भरले होते. मुळं ३० च्या पुढे कुरकुरायला लागतात आणि ४० ला बारीक पांढरी मुळं मरतात. पाणी ओढायचं काम तीच करतात.

जागेच्या चुका ज्या मला वारंवार दिसतात: पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची काच, बाल्कनीच्या फरशीवर थेट ठेवलेली कुंडी, कारण फरशी रात्री आठपर्यंत उष्णता सोडत राहते, फ्रिजची मागची बाजू, इन्व्हर्टरची बॅटरी, आणि एसीचा किंवा कूलरचा थेट झोत. कुंडी काचेपासून दोन-तीन फूट आत घ्या, खाली लाकडी पाट किंवा विटा द्या, खिडकीला पातळ सुती पडदा लावा. बाल्कनीत ५० टक्के सावली देणारी हिरवी नेट पुरते.

मातीची कुंडी इथे आपल्या कोरड्या हवेत फार कामाची आहे, आणि कारण तेच जे माठातलं पाणी गार करतं. भिंतीतून पाणी झिरपतं, वाफ होतं, जाताना उष्णता घेऊन जातं. मी पीस लिली, कॅलॅथिया अशी नाजूक झाडं उन्हाळ्यात मातीच्या कुंडीत ठेवते किंवा प्लॅस्टिकची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधे ओलं कोकोपीट भरते. हे विदर्भ-मराठवाड्यात चालतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात हवाच दमट, तिथे माठही फारसा गार होत नाही. तिथे सावली आणि वारा यांवर भर द्या. मातीची कुंडी लवकर वाळते, म्हणून वजनाचे आकडे नव्याने काढायला विसरू नका.

आणि एक गोष्ट जी मला उशिरा कळली: घरात कूलर सुरू होतो त्या दिवशी झाडांचं पाण्याचं गणित बदलतं. कूलरच्या खोलीत हवा गार आणि दमट असते, पानातून पाणी कमी उडतं, कुंडी जवळजवळ दुप्पट दिवस ओली राहते. एसीच्या खोलीत हवा गार पण कोरडी, टोकं करपतात. एप्रिलमध्ये दर तीन दिवसांनी पाणी घालायची सवय तीच ठेवून मे महिन्यात कूलर लावला की पीस लिली कुजते, आणि दोष उन्हाळ्याला दिला जातो. जूनमध्ये पाऊस पडला की पुन्हा तेच. दिवस मोजू नका, वजन बघा.

पानांवर पाणी फवारल्याने नागपूरच्या हवेत काही मिनिटांपुरताच फरक पडतो. त्यापेक्षा पाच-सहा कुंड्या जवळजवळ ठेवा. एकमेकींच्या वाफेत त्या बऱ्या राहतात. पानाच्या मागे बारीक जाळी आणि फिके ठिपके दिसले तर तो लाल कोळी आहे, कोरड्या उष्ण हवेत तो फोफावतो. झाड आडवं धरून नळाखाली पानांची खालची बाजू धुवा, तीन-चार दिवसांनी पुन्हा, असं तीनदा.

७. क्षार मोजा

इथपासून थोडा खर्च आहे. टोकं करपलेली, पांढरा थर, पाणी बरोबर असूनही झाड खंगलेलं, असं असेल तर क्षारांकडे वळा.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातला काथ्या काढल्यावर उरलेला भुसा. सोडणं बऱ्याचदा खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात कुजवलेली असतात आणि नारळात पोटॅशियम मुळातच भरपूर असतं. त्यामुळे नीट न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड भरलेलं येतं. शिवाय कोकोपीटचे कण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे ओढून धरतात आणि त्या बदल्यात सोडियम-पोटॅशियम सोडतात. झाडाला दिलेलं कॅल्शियम आधी कोकोपीट खातं. नवीन पानं वेडीवाकडी येतात ती बऱ्याचदा यामुळे; जुन्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर मॅग्नेशियमची टंचाई.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो. कुंडीला नेहमीसारखं पूर्ण पाणी द्या, अर्धा तास थांबा, बशी रिकामी करा. मग आरओचं पिण्याचं पाणी साधारण १०० मिलिलिटर वरून हळू घाला आणि खालून येणारं पहिलं पाणी वाटीत धरून मोजा. माझ्या अनुभवात शोभेच्या पानांच्या झाडांना मीटरवर ५०० पीपीएमच्या आसपास आकडा मानवतो. १००० च्या पुढे गेला की कुंडी धुवायला हवी. सोबत आपल्या नळाच्या पाण्याचा आकडाही घ्या. आमच्या नळाला २०० च्या आसपास येतात. कूलरच्या टाकीतलं आठवडाभराचं पाणी मोजलं तेव्हा ९०० च्या पुढे गेलं होतं, त्या दिवसापासून ते पाणी झाडांना बंद.

धुणं म्हणजे कुंडी मोरीत ठेवून तिच्या आकाराच्या दोन-तीन पट साधं पाणी हळूहळू आरपार जाऊ देणं. दोन लिटरची कुंडी असेल तर चार ते सहा लिटर. सकाळी करा, पूर्ण निथळवा. मुळं आधीच कुजलेली असतील, म्हणजे कुंडी जड आणि वास येत असेल, तर धुऊ नका, थेट आठव्या तपासणीवर जा. धुतल्यावर दर पंधरा दिवसांनी कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम, आणि मधल्या आठवड्यात मॅग्नेशियम सल्फेट तेवढंच. ही दोन्ही एकाच बाटलीत घट्ट करून मिसळू नका. त्यांचा पांढरा साका तळाशी बसतो आणि झाडाला काहीच मिळत नाही. १९:१९:१९ सारखं (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) खत मे महिन्यात निम्मं करा किंवा थांबवा. उष्णतेत झाड थांबलेलं असतं, न वापरलेलं खत क्षार म्हणूनच उरतं.

८. झाड बाहेर काढा

अर्ध्या दिवसाचं काम, आणि झाडालाही धक्का. म्हणून शेवटी. शक्यतो संध्याकाळी, सावलीत.

कुंडी आडवी करून झाड सरकवा. पांढरी किंवा फिकट, कडक मुळं चांगली. तपकिरी रंग एकटा वाईट नाही, कोकोपीटचा डाग मुळांना लागतोच. मूळ चिमटीत धरून ओढा: बाहेरची साल हातात आली आणि आत दोऱ्यासारखी तार उरली तर ते मेलेलं आहे. मेलेली मुळं स्वच्छ कात्रीने काढा, कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. मुळं जितकी गेली त्या प्रमाणात पानंही कमी करा, कारण उरलेली मुळं सगळ्या पानांना पुरणार नाहीत.

जुनं कोकोपीट परत वापरू नका. ते दोन-तीन वर्षांत बारीक होऊन चिखलासारखं बसतं. नवीन ६५० ग्रॅमची वीट भिजवली की साधारण आठ-नऊ लिटर होते. ती तीनदा धुवा: भिजवा, पिळा, पाणी टाका, शेवटचं पाणी चहाच्या रंगाचं न राहता फिकट व्हायला हवं, आणि मीटर असेल तर आकडा नळाच्या पाण्याच्या जवळ यायला हवा. त्यानंतर लिटरला २ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात एक दिवस बुडवून ठेवा, पुन्हा एकदा धुवा. ही पायरी टाळाल तर पुढचे दोन महिने कॅल्शियमसाठी भांडत बसाल.

कोकोपीट एकटं कधीच भरू नका. मी निम्मं कोकोपीट, पाव भाग परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खडे), आणि उरलेल्या पाव भागात धानाची तुसं आणि थोडं गांडूळखत घेते. भंडारा-गोंदियाकडून येणारी तुसं आम्हाला स्वस्तात मिळतात. पुणे-नाशिककडे लाकडाच्या सालीचे तुकडे वापरा. हवेच्या जागा राहणं महत्त्वाचं. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा एखादा इंचच मोठी घ्या. मोठ्या कुंडीत जे कोकोपीट मुळांच्या आवाक्याबाहेर राहतं, ते वाळतच नाही.

लावल्यावर एकदा पूर्ण पाणी, आठवडाभर सावली, महिनाभर खत नाही.

इथे हात थांबवा

बुंधा जमिनीलगत काळा, मऊ पडला आणि दाबल्यावर पाणी सुटलं तर ते झाड वाचत नाही. वरची निरोगी फांदी कापून पाण्यात लावा आणि बाकीचं कुंडीसकट घराबाहेर न्या. त्यावर बुरशीनाशकांचे प्रयोग करू नका.

एकाच आठवड्यात चार-पाच कुंड्या कोसळल्या, आणि पाणी, जागा, क्षार सगळं ठीक असेल, तर रोग ओळखणाऱ्या माणसाकडे जा. नागपूरकरांनी महाराजबागेशेजारच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभागात विचारावं. इतर बहुतेक जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथेच किंवा मृदा तपासणी प्रयोगशाळेत पाण्याचीही तपासणी होते. बोअरवेलचं पाणी असेल तर ती तपासणी करूनच पुढे खत द्या, सोडियम किती हे टीडीएस मीटर सांगत नाही.

मिलीबग किंवा खवले कीड घरभर पसरली तर अंतर्प्रवाही (झाडाच्या रसात भिनणारं) कीटकनाशक स्वतः आणून बंद खोलीत फवारू नका, विशेषतः लहान मूल, गरोदर बाई किंवा मांजर-कुत्रं असलेल्या घरात. जाणकार माणूस बोलवा, आणि कुंड्या गच्चीवर नेऊन फवारणी करायला सांगा.

कुंड्यांशेजारी कूलर, ग्रो लाइट किंवा ठिबकचा छोटा पंप असेल आणि कूलरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर त्या क्षणी मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत कशालाही हात लावू नका. ओल्या हाताने, ओल्या फरशीवर उभं राहून प्लग काढू नका. बाल्कनीतल्या पाण्याने खालच्यांच्या छताला ओल आली तर कुंड्या हलवून पाणी थांबवा आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला दाखवा. बशी बदलून ते मिटत नाही.

झाड दाखवायला नेताना नुसतं पान नेऊ नका. अख्खं झाड मुळांसकट, थोडं कोकोपीट, आणि वेगळ्या बाटलीत तुम्ही घालता ते पाणी न्या. सोबत ती लक्षणांची यादी आणि पाण्याच्या तारखा द्या. सकाळी लवकर जा, झाड गाडीच्या बंद डिकीत ठेवू नका.